सांधा जुळवण्याची विद्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय हे विषय ओघानेच येतात. कारखान्यांतील स्वयंचलन आणि नियंत्रण-यंत्रणा हा विषय त्यांच्या पंक्तीस बसवताना कार्यकारिणीस थोडा संकोच वाटला असल्यास नवल नाही. तथापि येथील मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. आपल्यापैकी कित्येकांचे वडील पोलादाच्या, खताच्या किंवा विजेच्या कारखान्याच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर पडले आणि परमुलखात स्थिरावले. त्यांची नातवंडे आज 'ऑटोमेशन' शिकत आहेत. घरोघरी वडीलधारी मंडळी एकच प्रश्न विचारताना आढळतात : सर्व काही आपोआपच चालावयाचे, तर मग या मुलांनी शिकावयाचे ते काय?

प्रश्न भाबडा वाटला तरी मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा आज आमचा यत्न आहे. आम्ही अभियंते नव्हेत. कलाशाखेचे पदवीधर आहोत. मात्र सरकारी चाकरीत यंत्रसामग्रीच्या निविदा, करार आणि स्वीकृतीचे दाखले यांच्या फायली पुष्कळ वर्षे आमच्या हाताखालून गेल्या. त्यांतून एक गोष्ट मनावर ठसली. उत्तम यंत्रे विकत मिळतात. ती एकमेकांशी नीट जोडलेली मात्र विकत मिळत नाहीत. ही सांधेजोड माणसालाच शिकावी लागते.

प्रथम 'नियंत्रण' म्हणजे काय ते पाहू. आपल्या गच्चीवरील टाकीत पाण्यावर तरंगणारा एक गोळा असतो. पाणी चढले की तो वर येतो आणि नळाचे तोंड बंद करतो. पाणी उतरले की पुन्हा उघडतो. मोजणे, हव्या त्या मापाशी ताडून पाहणे आणि फरक दिसेल त्याप्रमाणे कृती करणे, ही तीन अंगे त्या गोळ्यात एकवटलेली आहेत. जेम्स वॉटने 1788 च्या सुमारास वाफेच्या इंजिनाचा वेग आवरण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा 'गव्हर्नर' बसवला, तेव्हा तत्त्व हेच होते. अशी काही यंत्रे वेग आवरण्याऐवजी एकसारखी हेलकावे का खाऊ लागतात, याचे गणिती विवेचन मॅक्सवेलने 1868 मध्ये केले.

पुढे 1922 मध्ये निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने जहाज आपोआप वळवण्याच्या प्रश्नावर निबंध लिहिला. अनुभवी सुकाणूदार केवळ आताची चूक पाहत नाही. ती चूक किती वेळ साचत आली आणि किती वेगाने बदलत आहे, हेही तो ध्यानी घेतो. आपल्या भगिनींना हे समजावून सांगावयास नको. शेगडीवर दूध ठेवल्यावर ते किती वर आले याहून किती झपाट्याने वर येत आहे, यावर त्यांची नजर असते. चूक, साचलेली चूक आणि चुकीचा वेग या तीन अंगांवर चालणारा नियंत्रक आजही जगभरच्या कारखान्यांत वापरला जातो. तो जुळवावा कसा, याचे व्यवहारोपयोगी नियम झीग्लर आणि निकोल्स या दोघांनी 1942 मध्ये दिले.

दुसरा प्रवाह रिलेंच्या पॅनेलांचा. 'हे बटण दाबले, ते दार बंद असले आणि तेलाचा दाब पुरेसा असला, तरच मोटर सुरू व्हावी,' अशा अटी पूर्वी शेकडो रिले तारांनी जोडून पाळल्या जात. मोटारीचा नमुना बदलला की पॅनेलमधील तारा उपसून पुन्हा बांधाव्या लागत. या जाचातून सुटण्यासाठी जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने 1968 मध्ये नव्या साधनाची मागणी केली. तिला उत्तर म्हणून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले 'मॉडिकॉन 084' हे यंत्र 1969 मध्ये पुढे आले. आज ज्याला सर्व जण पीएलसी म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

या यंत्राच्या यशाचे एक कारण विचार करण्याजोगे आहे. त्याला हुकूम देण्याची भाषा शिडीसारख्या आकृतीची होती. रिलेंच्या जोडण्या दाखवण्यासाठी वीजतंत्री जी आकृती पूर्वीपासून वाचत, तीच ही आकृती. कारखान्यातील जुन्या माणसांना नवी भाषा शिकण्यास भाग पाडण्याऐवजी नवे यंत्रच त्यांची भाषा शिकले. परमुलखात येऊन शेजाऱ्यांची भाषा शिकलेल्या आपल्या पहिल्या पिढीला यातील शहाणपण पटावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एखाद्या मध्यम कारखान्यात पंप एका कंपनीचा, दाबमापक दुसरीचा, व्हॉल्व्ह तिसरीचा, पीएलसी चौथीचा आणि पडद्यावर चित्रे दाखवणारा संगणक पाचवीचा असतो. प्रत्येक वस्तू आपापल्या घरी निर्दोष असते. दोष निपजतो तो दोन वस्तूंच्या सांध्यावर.

एक साधे उदाहरण घ्या. दाबमापकाकडून नियंत्रकाकडे जाणारा संदेश बहुधा 4 ते 20 मिलिअँपिअर इतक्या विद्युत्प्रवाहाचा असतो. मापक 0 ते 10 बार या मर्यादेचा असेल, तर 4 म्हणजे शून्य बार, 20 म्हणजे दहा बार आणि मधोमध 12 म्हणजे पाच बार. आता पलीकडे पीएलसीत कोणी ती मर्यादा 0 ते 16 अशी लिहिली, तर तोच 12 मिलिअँपिअरचा संदेश तेथे आठ बार असा वाचला जाईल. तार शाबूत, मापक शाबूत, पीएलसी शाबूत. तरी अर्थ चुकला. आपल्या मुलाला शाळेत 'शिक्षा' मिळाली असे एखाद्या हिंदी शेजाऱ्याने सांगावे आणि आपण धास्तावून शाळेकडे धावावे, तशीच ही गत. शब्द एकच, तो कोणत्या कोशातून वाचावयाचा, हे दोघांनी आधी ठरवलेले असावे लागते.

तारेऐवजी आकड्यांतून संभाषण होते तेथेही हेच. 'मॉडबस' ही 1979 मध्ये मॉडिकॉनने प्रसिद्ध केलेली संभाषणाची रीत आजही सर्वत्र आढळते. तिच्यात मोठी संख्या दोन कप्प्यांत विभागून पाठवतात. पण वरचा अर्धा भाग आधी की खालचा, याविषयी निरनिराळ्या कंपन्यांच्या चाली निरनिराळ्या आहेत. कप्प्यांची गणती कोणी शून्यापासून करतो, तर कोणी एकापासून. नवशिक्या अभियंत्यांचे दिवसच्या दिवस या क्षुल्लक वाटणाऱ्या भेदांपायी खर्ची पडतात.

मघाचा संदेश शून्यापासून सुरू न होता चारपासून का सुरू होतो, हाही प्रश्न येथे विचारावा. तार तुटली तर प्रवाह शून्य होतो. शून्य बार हा निरोपही शून्य प्रवाहानेच द्यावयाचा ठरवला असता, तर 'दाब नाही' आणि 'तारच नाही' यांतील भेद कळला नसता. म्हणून सांगण्यासारखे काही नसले तरी चार मिलिअँपिअर वाहत राहतात. पूर्वी घरून येणाऱ्या पोस्टकार्डावर 'इकडील सर्व क्षेम' एवढीच ओळ असली, तरी ती किती मोलाची होती, हे आपण जाणता. पत्रच आले नाही, तर सर्व क्षेम आहे असे कोणी मानीत नसे. धोक्याच्या वेळी यंत्र थांबवणाऱ्या बटणाची जोडणीही याच विचाराने करतात. नेहमीच्या स्थितीत त्या तारेतून प्रवाह वाहता ठेवतात. बटण दाबले काय किंवा उंदराने तार कुरतडली काय, यंत्र थांबतेच. मौनाचा अर्थ 'सर्व ठीक' असा न लावणे, हा या विद्येचा पहिला धडा.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे, आणि तो जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात 28 मार्च 1979 रोजी पहाटे दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि मिटण्याच्या वेळी अडकून उघडाच राहिला. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र विझलेला होता. व्हॉल्व्ह मिटला की नाही, हे तो दिवा सांगतच नव्हता. मिटण्याचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत होता. पाळीवरच्या माणसांनी व्हॉल्व्ह मिटला असे समजून पुढील निर्णय घेतले. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. हुकूम सुटणे आणि काम होणे या दोन गोष्टी एकाच दिव्याने दाखवल्या गेल्या, असे या दुर्घटनेतील एका मुख्य दोषाचे वर्णन करता येईल.

पंधरा वर्षांनंतर, 24 जुलै 1994 रोजी, वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला आणि 26 जण जखमी झाले. तेथेही एक व्हॉल्व्ह पडद्यावर उघडा दिसत होता आणि प्रत्यक्षात बंद होता. शिवाय स्फोटापूर्वीच्या अखेरच्या 11 मिनिटांत दोन माणसांपुढे 275 धोक्याच्या सूचना येऊन आदळल्या. इतक्या घंटा एकदम वाजू लागल्यावर कोणती ऐकावी, हे माणसाला कळत नाही. सूचना जोडणे सोपे असते. तिचे महत्त्व ठरवणे, आणि ती ऐकणाऱ्याने काय करावयाचे हे लिहून ठेवणे, हाच त्या कामाचा अवघड भाग होय.

तिसरा प्रसंग इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील पेट्रोलच्या साठ्याचा. तारीख 11 डिसेंबर 2005. टाकी भरत असताना पातळीमापक एका आकड्यावर अडकला. त्याच्यावर पहारा म्हणून उच्च पातळीचा स्वतंत्र स्विच होता. पण त्याची चाचणीची दांडी योग्य जागी अडकवून ठेवणारे छोटे कुलूप लावलेलेच नव्हते, आणि त्यामुळे स्विच निकामी राहिला. ते कुलूप केवळ चोरापासून रक्षणासाठी नसून स्विच चालण्यासाठीच लागते, हे ज्ञान बनवणाऱ्याकडून बसवणाऱ्यापर्यंत आणि तेथून वापरणाऱ्यापर्यंत पोहोचले नाही. टाकी उतू गेली आणि प्रचंड स्फोट झाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. येथे तुटलेला सांधा तारेचा नव्हता. तो माणसामाणसांतला होता.

या सांध्यांचा गैरफायदा घेणारेही निपजले आहेत. 'स्टक्सनेट' या नावाने 2010 मध्ये उघडकीस आलेल्या संगणकीय किडीने इराणमधील नातान्झ येथील यंत्रांना लक्ष्य केले. तिची रचना अशी होती, की यंत्रे भलत्याच वेगाने फिरत असताना आधी नोंदवून ठेवलेली नेहमीची मापे पुढे करावीत, म्हणजे पाहणाऱ्यास संशय येऊ नये. पूर्वी नियंत्रणाच्या तारा कारखान्याच्या भिंतीआड राहत. आता त्या कार्यालयाच्या जाळ्याशी आणि बाहेरच्या जगाशीही जोडल्या जातात. म्हणून आजच्या विद्यार्थ्याने काय जोडावे याबरोबरच काय जोडू नये, हेही शिकले पाहिजे.

आपल्या देशातील सर्वांत मोठी सांधेजोड विजेची आहे. 30 आणि 31 जुलै 2012 या लागोपाठच्या दोन दिवशी उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य विभागही त्यात ओढले गेले. आरंभीच्या घटनांपैकी एक म्हणजे बिना ते ग्वाल्हेर या 400 किलोव्होल्टच्या वाहिनीचे आपोआप तुटणे. वाहिनीवर बिघाड झालेला नव्हता. भार अतोनात झाला होता. तेथील संरक्षक रिलेने त्या जड भारालाच दूरचा बिघाड मानले. रिलेने शिकवल्याप्रमाणेच काम केले. परिस्थिती मात्र त्याच्या शिकवणीपलीकडची होती.

पुढच्याच वर्षी, 31 डिसेंबर 2013 रोजी, रायचूर ते सोलापूर या 765 किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले आणि सारा देश एका लयीत आला. तोवर दक्षिणेशी होणारी देवघेव चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या केंद्रांतून होई. तेथे एका बाजूची वीज एकदिश करून पलीकडे पुन्हा प्रत्यावर्ती करीत, जणू मध्ये दुभाषी बसवून संभाषण चाले. दुभाष्याविना थेट बोलावयाचे, तर दोन्ही बाजूंचा दाब, आवृत्ती आणि लय जुळल्याखेरीज स्विच मिटवता येत नाही. आधी जुळवावे आणि मग जोडावे, हा क्रम एका मोटरच्या पॅनेलापासून देशाच्या वीजजाळ्यापर्यंत सारखाच लागू आहे.

मग हे सारे शिकावे कसे? आपल्या देशात या शिक्षणाची परंपरा नवी नाही. 1949 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत उपकरणशास्त्र ही शाखा आरंभापासून होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक' हा व्यवसाय शिकवला जातो. राजस्थानात कोटा येथे 1964 मध्ये स्थापन झालेल्या इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेडचा कारखाना पुढे बंद पडला. परंतु एके काळी देशातील अनेक वीज केंद्रांना त्याने नियंत्रणाची उपकरणे पुरवली. संस्था कोणतीही असो, विद्यार्थ्याने स्वतःपुरता एक क्रम ठेवावा, असे आम्हांस वाटते.

आरंभ पडद्यापासून करू नये. एक बादली, एक छोटा पंप, एक पातळीमापक आणि एक लहान पीएलसी एवढ्या सामग्रीवर पाण्याची पातळी स्थिर ठेवून दाखवावी. मग मुद्दाम तार काढावी, वीज बंद करावी, मापक पाण्याबाहेर धरावा, आणि प्रत्येक वेळी यंत्रणा कोणत्या स्थितीत जाते ते वहीत लिहावे. जो विद्यार्थी यंत्र चालवून दाखवतो तो निम्मे शिकला. ते बिघडल्यावर सुरक्षित कसे थांबते हे जो दाखवतो, तो पुरते शिकला.

त्यानंतर कागद वाचण्यास शिकावे. प्रत्येक संदेश कोठून निघतो, कोठे पोहोचतो, त्याचे एकक कोणते, मर्यादा कोणती आणि तो थांबला तर काय व्हावे, याची यादी हाच जोडणीचा खरा ग्रंथ होय. येथे आमच्या फायलींतील एक अनुभव सांगतो. एका पाणीपुरवठ्याच्या कामात पंप आणि स्टार्टर एका कंत्राटदाराने पुरवले, पातळीमापक दुसऱ्याने आणि नियंत्रणाचे पॅनेल तिसऱ्याने. तिघांची कामे कराराबरहुकूम पूर्ण झाली. तिघांनी देयकेही सादर केली. पंप मात्र पॅनेलवरून चालू होईना. स्टार्टरपासून पॅनेलपर्यंतची केबल तिघांच्याही कागदावर 'इतरांकडून' अशी नोंदलेली होती आणि ते 'इतर' जगात कोठेच नव्हते. लबाडी कोणाचीच नव्हती. तरी उन्हाळाभर दोन माणसे पाळीपाळीने पंपावर बसून तो हाताने चालू-बंद करीत होती, आणि त्यांचा डोळा लागला की वस्तीचे पाणी चुकत होते. म्हणून प्रत्येक सांध्यापुढे एका जबाबदार माणसाचे नाव लिहिलेले असावे. 'इतर' हे कोणाचेही नाव नाही.

शेवटी चाचणी. कारखाना सुरू होण्यापूर्वी एक माणूस नियंत्रणकक्षात बसतो आणि दुसरा हातात वॉकी-टॉकी घेऊन व्हॉल्व्हजवळ उभा राहतो. आतला विचारतो, 'उघडला का?' बाहेरचा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगतो, 'उघडला.' मग पुढचा. असे शेकडो, कधी हजारो वेळा चालते. काम कंटाळवाणे आहे. ऊन असते, धूळ असते, वरिष्ठांना घाई असते. न पाहताच 'उघडला' म्हणण्याचा मोह याच वेळी होतो. आमच्या तरुण मित्रांनो, आपल्या विद्येची कसोटी येथे लागते. त्या एका शब्दावर पुढे वर्षानुवर्षे रात्रपाळीची माणसे विसंबून राहणार असतात, आणि त्यांतील एखादा कदाचित आपल्याच मंडळातील कोणाचा मुलगा असेल.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. यंत्र आपोआप चालते. परंतु दोन यंत्रांमधील समजूत आपोआप निर्माण होत नाही. एकाचे बोलणे दुसऱ्यास त्याच अर्थाने पोहोचते की नाही, सांगितलेले काम खरोखर झाले की नाही, आणि निरोप थांबला तर काय करावयाचे, हे ठरवणे आजही माणसाच्या माथी आहे. आपली मुले हेच शिकत आहेत. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कार्यालयात तिसरी, अशा वातावरणात ती वाढली. ऐकलेल्या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेण्याची सवय त्यांना लहानपणापासून आहे. ती सवय त्यांनी कारखान्यातही सोडू नये, आणि घरच्या मंडळींनीही 'इतका वेळ कशाला लागतो?' असे म्हणून त्यांना घाई करू नये, एवढीच आमची विनंती.